मूठ कुणीकडे

“आणि नाही बदललं तर?” अपोलीनने विचारलं.

“तर नाही बदललं,” कैतान मेस्त्री म्हणाले आणि पटाशीला धार लावत राहिले.

बाई तापली. तापणारच. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारावर लावायची पोपसाहेबांची ढाल तिने तीन महिने खपून कोरली होती. पोपसाहेब बदलले की ढालीवरची खूण बदलते; एखाद्याचा सिंह, एखाद्याच्या मधमाश्या. ढालीमागच्या, एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन किल्ल्या मात्र सगळ्यांच्या त्याच, स्वर्गाच्या दाराच्या. हे सारं तिने एकाच सागवानी फळीत उतरवलं होतं. जोड म्हणून कुठे नाही. चौदा वर्षं ती मेस्त्रींच्या हाताखाली होती. आपल्या कामाचा तिला भारी गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो शोभावा असाच तिचा हात होता.

फक्त एक घोळ झाला. आपण घरी किल्ली खिळ्याला अडकवतो, मूठ वर आणि दाते खाली. तिने तशाच कोरल्या. फादरांनी दिलेल्या चित्रात दाते वर आभाळाकडे होते नि मुठी खाली. ते चित्र तिने एकदा बघितलं आणि हत्यारांच्या पेटीत टाकून दिलं. किल्ली कशी असते हे काय मला चित्रात बघायला हवं, असं तेव्हा म्हणाली होती.

आता चारी टोकं कापून नवी बसवायची. म्हणजे जोड आलाच. देवळाचा सण दहा दिवसांवर, आणि मेस्त्रींनी मान डोलावल्याशिवाय फादर कुठलंही काम दारावर चढवत नसत.

तिने साफ सांगून टाकलं की मी करवत लावणार नाही. गावात कुणाला कळतंय? आणि चुकलंय तरी कुठे?

“किल्ल्या देवाच्या आहेत. मूठ देवाच्याच हातात हवी. म्हणून वर.”

हा मुद्दा तिला त्याच सकाळी सुचला होता, पण होता बिनतोड.

मेस्त्रींनी पटाशी खाली ठेवली. तिला बाहेर बोलावलं, शेडचं दार ओढून घेतलं आणि कुलूप घातलं. किल्ली तिच्यापुढे धरली. दाते तिच्याकडे, मूठ स्वतःच्या हातात.

“उघड.”

तिने दाते धरून ओढले. म्हातारा सोडेना. पुन्हा ओढले. बोट खरचटलं.

“मूठ सोडा ना, मेस्त्री.”

“मूठ वरच्याच्या हातात हवी, म्हणालीस.”

दोघं तशीच उन्हात उभी. तिची ढाल आत, जेवणाचा डबाही आत. कुणी हटेना.

शेवटी मेस्त्रींनीच हातातली किल्ली उलटी केली आणि मूठ तिच्या हातात दिली. तिने दार उघडलं. आत गेली, करवत उचलली आणि पहिल्या मुठीवर टेकवली. तीन महिने त्या फळीला तिने साधा ओरखडा पडू दिला नव्हता. हात थांबला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ताठा तसूभरही कमी नव्हता.

“कापते. पण तुम्ही जिंकलात असं समजू नका. एवढं सांगा, दोन्ही मुठी खाली माणसांच्या हातात दिल्या, मग देवाकडे काय उरलं?”

मेस्त्री पुन्हा धार लावायला बसले होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

“त्याला किल्ली कशाला? तो आतच आहे.”