घाटातल्या झऱ्याचं पाणी

एका घाटात एक वळण होतं आणि त्या वळणावर एका चहावालीची टपरी होती. तिथून खाली अख्खं खोरं दिसायचं. भाताची खाचरं, मधून नदी, पलीकडे डोंगरामागे डोंगर. पण गाड्या थांबायच्या त्या पाण्यासाठी. टपरीशेजारी कातळातून एक झरा बारमाही वाहायचा. घाट चढून आलेल्या प्रत्येकाला चहावाली आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर झऱ्याचं पाणी द्यायची. त्याचे पैसे नाहीत. चहाचं मग बघू. तिच्या सासूने हेच केलं होतं आणि सासूच्या सासूनेही.

एके वर्षी जिल्ह्यात सुंदर रस्त्यांची स्पर्धा जाहीर झाली. जो घाट पहिला येईल त्याच्या पायथ्याशी मोठा फलक लागणार होता. गाव हुरळून गेलं. कठड्यांना रंग लागला, बोगनवेली आल्या, कचऱ्याचे डबे आले. स्वच्छतेला सगळ्यांत जास्त गुण होते, म्हणून वळणावर प्रवाशांसाठी संडास बांधायचं ठरलं.

"जागा कुठली धरायची?" सरपंचांनी विचारलं.

"टपरीच्या वरच्या माळावर बांधा की," चहावाली म्हणाली. "सपाट जागा आहे. बायामाणसांना लांब जायला नको. जाता-येता चहापण घेतील."

"वैनी, तुम्हाला पंचायतीत घ्यायला पाहिजे," सरपंच हसले, आणि जागा ठरली.

झऱ्याला पाणी येतं ते त्याच माळात मुरून, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फलक होता.

संडास झाला, शोषखड्डा झाला, निळ्या फरशा बसल्या. पावसाळा सरला आणि झऱ्याखालच्या वाडीतली पोरं जुलाबाने आडवी होऊ लागली. त्यांत चहावालीची नातही होती. गावच्या आशाताईने झऱ्याचं पाणी तपासणीच्या छोट्या बाटलीत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते शाईसारखं काळं पडलं.

"उकळल्याशिवाय घोटभरसुद्धा पिऊ नका," आशाताई म्हणाली. "काळं झालं म्हणजे पाण्यात मैला आहे. वरचं सगळं खाली उतरतंय."

चहावाली तडक सरपंचांकडे गेली. "माझीच अक्कल चरायला गेली होती. तो संडास पाडा."

"पाडू की. पण परीक्षक आठ दिवसांवर आलेत वैनी. तेवढं होऊ द्या."

"आणि त्यांना पाणी काय देऊ?"

"तेही बघितलंय."

परीक्षक यायच्या दिवशी सरपंच सकाळीच विकतच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. "तांब्यात ओता. पाहुण्यांचं पोट बिघडणार नाही, गावाचं नाव जाणार नाही. कुणाचं काय नुकसान आहे?"

चहावालीने विचार केला. खरंच, कुणाचंच नव्हतं. फलक लागला तर गाड्या वाढतील, टपरीवर पत्रा पडेल, आणखी दोन बाकडी येतील. तिने बाटल्या तांब्यात ओतल्या.

परीक्षक तिघे होते. त्यांतल्या पिकल्या केसांच्या बाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यायल्या आणि खोऱ्याकडे बघत राहिल्या.

"असं पाणी आता कुठे मिळतं?" त्या सोबतच्यांना म्हणाल्या. "लिहून घ्या. फलकावर सगळ्यांत वर हेच घालायचं. 'वळणावर थांबा, झऱ्याचं पाणी प्या.'"

सरपंचांनी चहावालीकडे बघून डोळे मिचकावले. चहावाली मात्र खाली घाटाच्या रस्त्याकडे बघत होती. फलक वाचून लोक येणार, ओंजळी भरणार, लेकरांच्या तोंडाला लावणार. तेव्हा ती कुणाकुणासाठी बाटल्या ओतणार होती?

तिने बाईंच्या हातातला तांब्या काढून घेतला. "बाई, हे पाणी झऱ्याचं नाही, विकतचं आहे. झऱ्याचं पाणी बिघडलंय. वर तो निळ्या फरशांचा संडास दिसतो ना, त्याची जागा मीच दाखवली होती."

"वैनींची तब्येत जरा..." सरपंच पुढे झाले.

"माझी तब्येत बरी आहे भाऊ. नातीची बिघडली होती."

त्या वर्षी फलक दुसऱ्या घाटाला गेला. गावात चहावालीशी कुणी धड बोलेना. तिची जाऊ टपरीवरून जाताना म्हणायची, "आता खरेपणाच उकळून विक, बघ कोण घेतंय."

पण स्पर्धाच हातची गेल्यावर तो संडास तिथे ठेवायला काही कारणही उरलं नव्हतं. पंधरा दिवस फुगून बसलेले सरपंच एका सकाळी चार माणसं आणि पहारी घेऊन आले.

"मी अजून रागातच आहे, ध्यानात असू द्या," ते चहावालीला म्हणाले, आणि पहिला घाव त्यांनीच घातला.

खड्डा उपसून मातीने बुजवला. नवा संडास झऱ्याच्या आणि वाडीच्याही खालच्या अंगाला, लांब बांधला. माळावर गवत धरू दिलं. पण झऱ्याला पंचायतीचे ठराव कळत नाहीत. बिघडायला त्याला एक पावसाळा पुरला होता, निवळायला दोन लागले.

तोवर चहावाली रोज पायथ्याच्या विहिरीवरून दोन हंडे वर आणायची. कुणी झऱ्यापाशी वाकलं की हाक मारायची, "दादा, ते नका पिऊ. हे घ्या."

"स्वच्छ तर दिसतंय की, मावशी."

"दिसतं बाबा. त्यालाच आम्ही फसलो."

काही जण वैतागायचे, काही हसायचे. पण घाट उतरल्यावर ही गोष्ट ते दुसऱ्यांना सांगायचे. हळूहळू कुठल्याही फलकावाचून गाड्या वळणावर थांबू लागल्या. मालट्रकवाले तर नव्या ड्रायव्हरला सांगायचे, "जी बाई आपल्याच दारच्या पाण्याला नको म्हणते, तिच्या हातचा चहा डोळे मिटून प्यावा."

तात्पर्य: आपल्या हातून बिघडलेलं पाणी निवळायला सुरुवात होते ती आपण तसं चारचौघांत कबूल करतो त्या दिवसापासून.