नदीनं ठेवून घेतलेली सुरी

फार फार वर्षांपूर्वी एका रुंद नदीच्या काठी राही नावाची नावाडीण राहत असे. या काठावरची माणसं, शेरडं, धान्याची पोती ती नावेतून पलीकडे नेई. पाण्याच्या ओढीत नाव वाहून जाऊ नये म्हणून काठापासून काठापर्यंत एक जाड दोर ताणलेला होता, आणि नाव त्याला दोरीनं अडकवलेली असे.

राहीच्या कमरेला कायम एक सुरी. गुंतलेली दोरी कापायला, बांबू तासायला, दुपारी भाकरीबरोबर कांदा चिरायला तीच. धार लावून लावून तिचं पातं पार झिजलं, तेव्हा राही गोंदा लोहाराकडे गेली.

गोंदाचं नाव पंचक्रोशीत होतं. त्यानं मनापासून सुरी घडवली. पात्यावर वेल कोरली, सुरीसाठी म्यान शिवलं. शिसवी मूठ घासूनघासून अशी गुळगुळीत केली की तीत तोंड दिसावं. बाजाराच्या दिवशी ती बघायला माणसं जमली. जो तो म्हणे, "वा गोंदा, वा!"

राहीनं सुरी हातात तोलली आणि म्हणाली, "गोंदादादा, थोडे दिवस वापरून बघते, मग सांगते."

"वापरून? बघून कळत नाही होय?"

"देखणी आहे हे बघून कळलं. कामाची आहे का, ते नावेत कळेल."

राही रोज सुरी कमरेला लावून नावेत जाऊ लागली. लोखंड अस्सल होतं. बांबूच्या गाठीवर घाव घातला तरी धार मोडली नाही. पण वल्ही मारायला वाकलं की सुरी म्यानातून निसटे. आणि एकदा ओल्या हातानं दोरी कापताना मूठ सटकली, बोटं पात्यावर गेली. रक्त आलं.

"गप्प बस," तिची जाऊ म्हणाली. "एवढा नावाजलेला माणूस. छान आहे म्हण आणि ठेव कोनाड्यात. कशाला दुखवतेस?"

राहीला ते पटेना. ती तडक लोहाराच्या भट्टीवर गेली आणि चारचौघांसमोर म्हणाली, "दादा, पातं उत्तम आहे. पण मूठ ओल्या हातात राहत नाही, आणि म्यान सुरीला धरत नाही."

गोंदाचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला. "पाटलांनी माझी सुरी घेतली, देशमुखांनी घेतली. आजवर कुणी नावं ठेवली नाहीत!"

"ते कमरेला लावून मिरवतात, दादा. त्यांचे हात कोरडे असतात."

"खोट सुरीत नाही, तुझ्या हातात आहे!"

"मग उद्या नावेत या," राही शांतपणे म्हणाली. "तुमच्या हातानं कापून दाखवा. माझं चुकलं असेल तर सगळ्यांसमोर कबूल करीन."

दुसऱ्या दिवशी गोंदा ताठ मानेनं नावेत बसला. नाव मधल्या धारेला लागली. राहीनं भिजलेल्या दोराचा तुकडा त्याच्यापुढे धरला. गोंदानं सुरी उपसली, जोर लावला. नाव हेलकावली, मूठ सटकली आणि सुरी थेट पाण्यात! डुबुक आवाज झाला, बस्स.

कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेली म्हातारीसुद्धा वाकून पाण्यात बघू लागली. लाटेवर खापर फोडणं गोंदाला सोपं होतं. पण तो आपल्या रिकाम्या ओल्या तळव्याकडे बघू लागला. मग एकदम खो खो हसला.

"राही, तू नुसती नावं ठेवलीस. नदीनं तर सुरीच ठेवून घेतली!"

घरी येऊन त्यानं नवी सुरी घडवायला घेतली. या वेळी वेलबुट्टी नाही. बाभळीच्या लाकडाची खरबरीत मूठ, मध्ये जराशी फुगीर. बोटं पुढे सरकू नयेत म्हणून पात्याजवळ उंचवटा. कातड्याचं म्यान इतकं खोल की सुरी उलटी झटकली तरी पडेना. तेलापाण्यात हात बुडवून त्यानं स्वतः दोर कापून पाहिले, आणि मगच सुरी राहीच्या हाती दिली.

भाद्रपदात नदी फुगली. बायकापोरांनी भरलेली नाव मधोमध असताना एक उन्मळलेलं झाड वाहत आलं आणि ताणलेल्या दोरात अडकलं. दोर खाली दबला, नाव एका अंगाला कलली, पाणी आत येऊ लागलं. पोरं रडू लागली.

"खाली बसा सगळे!" राही ओरडली. भिजून चिंब झालेल्या हातानं तिनं सुरी उपसली आणि एका ओढीत नावेची दोरी कापली. नाव सुटली, गर्रकन फिरली, सरळ झाली. राहीनं वल्ही मारत ती खालच्या वळणावर काठाला लावली. एकही जीव गेला नाही.

त्यानंतर गोंदाकडे गिऱ्हाइकांची रीघ लागली. "वा, वा!" करणाऱ्याला तो हसून रामराम करी. पण "गोंदादादा, तुमच्या विळ्यात एक खोट आहे," असं म्हणत कुणी आलं, की तो हातोडा बाजूला ठेवी, घोंगडी अंथरी आणि आत हाक मारी, "अगं, गूळपाणी आण. आपलं माणूस आलंय!"

गोष्टीचं तात्पर्य एवढंच: वस्तूची पारख कामात होते, आणि तिच्यातली खोट जो तोंडावर सांगतो, तोच घडवणाऱ्याचा खरा हितचिंतक.