बारावी गाडी

“पण उस्ताद, माझी गाडी नकली नाही, हे लोकांना पटवायचं तरी कसं?”

दस्तगीर उस्तादांचा झाडू थांबला नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका पिराचा लहानसा दर्गा आहे. तिथल्या लिंबाचा पाला ते रोज सकाळी लोटतात. वय चौऱ्याऐंशी. पूर्वी कोल्हापुरात त्यांचा लेथचा कारखाना होता, आणि प्रश्न विचारणारे दिनकर दाभोळे त्याच लेथवर काम शिकले. आता दाभोळ्यांची स्वतःची फाउंड्री आहे. बाहेर उभी असलेली बिनटपाची, बुटकी हिरवी गाडी त्यांचीच.

“नकली कोण म्हणतंय?”

“सगळेच. परवा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मला रांगेतून बाहेर काढलं. म्हणाले, हुबेहूब बनवलीय, पण नक्कल ती नक्कल.”

“आन खरं काय?”

“इंग्लंडातल्या कंपनीनं साठ वर्षांपूर्वी बारा गाड्या करायच्या ठरवल्या. नऊ झाल्या आणि काम थांबलं. तीन गाड्यांचे नंबर नुसते कागदावर राहिले. पुढं कितीतरी वर्षांनी त्याच कंपनीनं तेच नकाशे काढले, तशीच हातानं घडवून उरलेल्या तीन पुऱ्या केल्या. ही बारावी. दुसऱ्या कुणी केलेली नक्कल नाही, उस्ताद. त्यांचंच राहिलेलं काम आहे.”

उस्ताद पाला गोळा करत होते.

दाभोळ्यांनी बगलेतली जाड निळी फाईल पुढं केली. “कंपनीचं पत्र, नंबरचा दाखला, सगळं आहे. कायम बरोबर ठेवतो. कुणी बोललं की उघडून दाखवतो.”

“मग पटतंय?”

“अर्ध्यांना.”

“ज्यास्नी पटतंय, ते काय करत्यात?”

दाभोळ्यांनी फाईल मिटली.

“निघून जातात.”

लिंबावर कावळा ओरडला.

“विकतोय मी,” दाभोळे म्हणाले. “गिऱ्हाईक उद्या येतंय. तुम्हाला सांगून टाकावं म्हटलं.”

“मला कशाला?”

“तुमच्या लेथच्या वर एक फोटो चिकटवलेला होता. कुठल्या तरी कॅलेंडरातला. सतरा वर्षांचा होतो मी. जेवायच्या सुट्टीत भाकरी हातात धरून बघत बसायचो. ह्याच बनावटीच्या गाडीचा फोटो तो.”

उस्तादांनी झाडू भिंतीला टेकवला.

“घिऊन किती दिस झालं?”

“आठ महिने.”

“मला बसीवलं न्हाईस.”

दाभोळ्यांची मान खाली गेली. “आधी लोकांची तोंडं बंद करायची होती. मग तुमच्याकडं आणणार होतो.”

“चल,” उस्ताद म्हणाले.

गाडीची बैठक फार खाली होती आणि उस्ताद अंगानं लहान. बसल्यावर डोळ्यांसमोर नुसता पत्रा आला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. दाभोळ्यांच्या हातातली निळी फाईल घेतली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसले.

“उस्ताद, ती फाईल…”

“हां. आता रस्ता दिसतोय.”

गाडी घाटाला लागली. उस्तादांनी एका हातानं टोपी धरली होती. दुसरा तळवा दारावरून हळूहळू फिरत होता, एखाद्या जनावराची पाठ चोळावी तसा.

“हातानं ठोकल्याला पत्रा हाय. कुठं लाट न्हाई. कोण कारागीर म्हनायचा ह्यो?”

“नाव फाईलमध्ये असेल.”

“तू वाचलं न्हाईस?”

दाभोळ्यांनी गिअर बदलला.

वरच्या वळणावर चहाची टपरी होती. तिथं थांबले तसा मोटारसायकलवरचा एक जवान पोरगा चहा टाकून जवळ आला. गाडीभोवती एक फेरी मारली.

“काका, ओरिजिनल हाय का रेप्लिका?”

दाभोळ्यांचा हात सवयीनं शेजारी गेला. उस्ताद हलले नाहीत.

“उस्ताद, जरा उठता?”

“कशाला? बरं बसलोय की.”

पोरगा वाट बघत उभा होता. दाभोळ्यांनी नुसती किल्ली फिरवली आणि पाय दाबला. इंजिनाचा आवाज खालच्या दरीत जाऊन परत आला.

पोरग्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. “आयला! परत एकदा, काका!”

परत एकदा. आणि मग आणखी एकदा. टपरीवाला बाहेर आला. उस्ताद हसत होते, वरचे दोन दात नव्हते ते दिसेपर्यंत. दाभोळेही हसले. पोरगा हात हलवत खाली निघून गेला, आणि त्याचा प्रश्न तसाच राहिला होता हे दाभोळ्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

“उस्ताद… मेळाव्यातलं मला एवढं लागलं नव्हतं.”

उस्तादांनी त्यांच्याकडं मान वळवली.

“घरी आलो तर भाची आली होती, तिच्या पोरीला घेऊन. केतकी. सात वर्षांची. गाडीवर हात फिरवत होती. मला विचारलं, आजोबा, ही डुप्लिकेट आहे ना? कुणाचं तरी ऐकलेलं. मी ओरडलो तिच्यावर. सगळ्यांसमोर. लांब हो म्हटलं. तेव्हापासनं पोरगी फोनवर बोलत नाही माझ्याशी. ही गाडी दारात नको वाटते मला आता.”

चहा आला. उस्तादांनी तो बशीत ओतून सावकाश संपवला.

“पोरगी असती कुठं?”

“कोडोलीला.”

“लांब हाय?”

“नाही. अर्धा तास.”

उस्तादांनी दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला, गुडघ्यावर हात रोवून कसेबसे उभे राहिले आणि टोपी सारखी केली.

“मी वडापच्या जीपनं जातो. तुझ्या गाडीत जागा दोघांचीच हाय.”