बंधाऱ्यावरची भेग

फार फार वर्षांपूर्वी एका राजाला चित्रांचा मोठा नाद होता. चित्रांचा अर्थ सांगायला त्याने दरबारात एक शास्त्री ठेवला होता. रीत अशी होती, की शास्त्री बोलत असताना चित्रकाराने तोंड उघडायचं नाही. अर्थ सांगून झाला, की चित्र भिंतीवर चढायचं.

एकदा नदीकाठच्या जुन्या नगरातून एक म्हातारी चितारीण सहा दिवस चालत आली. तिच्या चित्रात तेच नगर होतं. कललेले मनोरे, छपरांवर उगवलेलं गवत, ओस बाजार आणि नदीला अडवून धरणारा मातीचा बंधारा. बंधाऱ्याला वरपासून खालपर्यंत भेग पडली होती. भेगेपाशी मुंगीएवढी माणसं डोक्यावर पाट्या घेऊन उभी होती.

ही माणसं कोण, असं तिला विचारावं, हे शास्त्र्याच्या मनात येऊन गेलं. पण सगळा दरबार त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"महाराज," तो म्हणाला, "हे नगर म्हणजे आपला देह. ही भेग म्हणजे काळाचं हसू. आणि ही माणसं म्हणजे आपल्या व्यर्थ इच्छा."

राजाचे डोळे पाणावले. त्याने गळ्यातला हार शास्त्र्याला दिला. म्हातारी हात जोडून पुढे आली, तोवर सेवकांनी चित्र उचललंही होतं.

बाहेर पायरीवर तिने शास्त्र्याला गाठलं. "शास्त्रीबुवा, ती भेग भेगच आहे हो. आमचे अर्ज कुणी वाचेना, म्हणून म्हटलं चित्र तरी राजा बघेल. शंभर माणसं मिळाली तर पावसाआधी बुजेल. आत जाऊन तेवढं सांगा."

उद्या सांगतो, असं तो म्हणाला, आणि म्हातारी भरवशाने आपल्या नगराकडे परतली. पण सांगायचं म्हणजे आपला अर्थ चुकला हे भर दरबारात कबूल करायचं. उद्याचा परवा झाला, परवाचा महिना झाला, आणि पाऊस आला.

बंधारा फुटला. नगर वाहून गेलं, त्याबरोबर म्हातारीही.

बातमी आली त्या दिवशी शास्त्री पहिल्यांदाच चित्राच्या अगदी जवळ गेला. पाटीवाल्यांमध्ये एक बाई होती, तिच्या कडेवर मूल होतं. गवत उगवलेल्या एका छपरातून धूर निघत होता. त्यात गूढ काही नव्हतं. तिथे कुणीतरी भाकऱ्या भाजत होतं.

पुढच्या चित्राच्या वेळी तो राजाला म्हणाला, "ज्याने काढलंय त्याला आधी बोलू द्या, महाराज."

रीत मोडली. पण ती माणसं आता फक्त भिंतीवर उरली होती, पाट्या घेऊन ताटकळत.

तात्पर्य: दुसऱ्याच्या दुःखाचा सुंदर अर्थ लावण्याआधी, त्याला काय हवंय ते विचारावं.