वैद्याच्या घरातला आवाज

आपल्या पणज्यांच्याही पणज्या अजून अंगणात रांगत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच ऐकावी.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात एक वैद्य राहत असे. त्याच्या हाताला फार गुण. तान्ह्याची पोटदुखी असो की म्हाताऱ्याचा दमा, त्यानं नाडीवर बोटं ठेवली की निम्मं दुखणं तिथंच पळून जाई. बोलणं तर असं मऊ, की कडू काढाही गोड लागावा. लोक म्हणत, "देवमाणूस आहे हो! असा माणूस शोधून सापडायचा नाही."

या देवमाणसाची बायको अनसा. दोन घाट ओलांडून, दूरच्या गावाहून ती लग्न होऊन आली होती. वैद्याचं घर मिळालं म्हणून मैत्रिणींनी तिचा हेवा केला होता.

पण दार लागलं की देवमाणूस दाराबाहेरच राही. आमटीत मीठ कमी पडलं, मार. काढा उतू गेला, मार. विहिरीवर कुणाशी हसून बोलली, तर अधिकच मार. आणि मारून झालं की तोच वैद्य हळदीचा लेप कालवून आणी, तिच्या सुजल्या दंडावर फुंकर घालत लावी आणि म्हणे, "का गं मला असा राग आणतेस? तुझ्याचमुळे होतं हे सगळं."

अनसाला माराहून त्या फुंकरीची जास्त भीती वाटे. कारण त्या घटकेला तिला वाटे, खरंच माझंच चुकत असेल.

पहिल्या दिवाळीला ती माहेरी गेली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं सगळं सांगितलं. आई बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग तिनं आपल्या खांद्यावरचा पदर जरा बाजूला केला. तिथं एक जुना, पांढुरका वण होता.

"तू पोटात होतीस तेव्हाचा," आई म्हणाली. "आजवर कुणाला दाखवला नाही. बाईच्या जातीनं पोटात घालायचं असतं, पोरी. दिल्या घरी नीट राहा."

अनसा परत निघाली. घाट चढताना तिला राहून राहून वाटत होतं, मी आईकडे माझं दुःख उतरवायला गेले, आणि येताना तिचंही घेऊन आले.

मग एकदा धीर करून ती पाटलाकडे गेली. गावचा पाटील न्यायी म्हणून नावाजलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पण नजर जमिनीवरून उचलली नाही.

"भांड्याला भांडं लागायचंच, सूनबाई," तो म्हणाला. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये. आणि खरं सांगू? मला दमा आहे. वैद्यबुवांच्या काढ्यावर माझा श्वास चाललाय."

विहिरीवर बायकांना तिच्या हातावरचे काळेनिळे डाग दिसत. एखादी विचारी, "पडलीस का गं?" अनसा म्हणे, "हो, पडले." हे ऐकून विचारणारीच्या चेहऱ्यावर कशी सुटका उमटे, ते अनसा पाही, आणि घागर उचलून निमूट चालू लागे.

वैद्याच्या घराला लागून द्वारका कुंभारणीचं घर होतं. द्वारका म्हातारी, विधवा. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. या घरात मार सुरू झाला की त्या घरात जातं सुरू होई. घर्र घर्र, घर्र घर्र. सुरुवातीला अनसाला वाटलं, योगायोग असेल. मग एक दिवस तिला कळलं. म्हणजे भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. ऐकू जातं, तरी कुणी येत नाही.

त्या दिवसापासून तिनं ओरडणंही सोडलं. गाव माणसांनी भरलेलं, घर रोग्यांनी भरलेलं, आणि अनसाला मात्र दिवसचे दिवस आपल्या आवाजाचीसुद्धा सोबत नसे.

अशी काही वर्षं गेली.

एका दुपारी पारावर माणसं बसली होती. पाटील होता, वैद्य होता. बायका पाणी घेऊन परतत होत्या, त्यांत अनसाही होती. पाराच्या सावलीत मुलांची भातुकली रंगली होती. पाटलाची नात बायको झाली होती, आणि एक पोरगा नवरा. तिनं त्याच्यापुढं पानावर माती वाढली. त्यानं बोट बुडवून चाटल्यासारखं केलं, तोंड वेंगाडलं आणि ओरडला, "आमटी अळणी झालीय!"

आणि फाडकन तिच्या गालावर मारली.

मार खेळातला नव्हता. पण पोर रडली नाही. तिनं डोक्यावरची चिंधी पदरासारखी गालावर ओढून घेतली. दुसऱ्या मुलीनं विचारलं, "लागलं का गं?" ती म्हणाली, "नाही. पडले मी." आणि शेजारीण झालेल्या तिसरीनं त्यांच्याकडे पाठ फिरवून दोन दगड एकमेकांवर फिरवायला सुरुवात केली. घर्र घर्र, घर्र घर्र.

पारावरची माणसं आधी हसली. मग एकेकाचं हसू तोंडातच राहिलं.

अनसानं घागर खाली ठेवली. पोरीजवळ जाऊन बसली. "बाळ, तू पडली नाहीस. तुला मारलं त्यानं." आपलाच आवाज तिला परका वाटत होता. मग ती पाराकडे वळली. "आणि मीही कधी पडले नव्हते. हे मला मारतात. या गावात आले तेव्हापासून."

वैद्य हसत हसत उठला. "उन्हाचा त्रास झालाय हिला," तो मऊ आवाजात म्हणाला. "चल घरी, काढा देतो." त्यानं तिचं मनगट धरलं.

अनसानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्याच्याकडे पाहावं, त्याची मान खाली. तिला वाटलं, संपलं. आता घराचं दार लागेल, ते पुन्हा उघडायचं नाही.

"सोडा तिचा हात, वैद्यबुवा."

द्वारका कुंभारीण होती. "भिंत एकच आहे आपली. मी सगळं ऐकते. ऐकू येऊ नये म्हणून जातं ओढते. घरात दाणा नसला तर रिकामं जातं ओढते मी."

वैद्याच्या आवाजातला गोडवा क्षणात आटला. "असं? मग मी चाललो हे गाव सोडून. तापानं फणफणाल, पोरं आचके देतील, तेव्हा या थेरडीचं जातं चाटत बसा!"

लोकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, "मिटवून टाका हो." कुणी म्हणालं, "नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा?" पाटील मात्र नातीच्या गालाकडे पाहत होता. गालावर चार बोटं उठली होती.

तो काठी टेकत उभा राहिला. त्याला धाप लागली होती. "वैद्यबुवा, माझा श्वास चालावा म्हणून मी या लेकीकडे पाठ फिरवली. पाप तुमच्याइतकंच माझंही आहे. तुम्ही खुशाल जा."

वैद्य औषधांचा बटवा घेऊन गेला. वेशीबाहेर पडेपर्यंत त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही. अनसा द्वारकेच्या घरात राहू लागली.

पण पुढं सगळं गोडगोड झालं असं समजू नका. थंडी आली. दुसरा वैद्य दोन गावं पलीकडे. पाटलाचा दमा बळावला, कुणाचं पोर तापानं आठवडाभर तळमळलं. विहिरीवर बायका म्हणू लागल्या, "एका बाईपायी गावाचा वैद्य गेला." अनसा आली की बोलणं बंद होई. पाटील खोकत खोकत सगळ्यांना सांगे, "माझ्या दुखण्याचं खापर तिच्या डोक्यावर फोडू नका." काहींनी ऐकलं, काहींनी नाही.

अनसा माती मळायला शिकली. सांजवेळी दोघी न बोलता भाकरी खात. एकटेपण तिला सोडून गेलं नाही. पण दाराची कडी वाजली की काळजात धस्स व्हायचं, ते हळूहळू थांबलं.

आणि एका संध्याकाळी, दिवेलागणीला, विहिरीवर तिला सर्वांत जास्त बोल लावणारी बाई दारात उभी राहिली. कडेवर तान्हं, तिचा ओठ फाटलेला.

"आत ये," अनसा म्हणाली. तिनं मूल घेतलं आणि बाईला चुलीपाशी बसवलं. द्वारका उठून बाहेर गेली आणि अंगणात वाटेकडे तोंड करून बसली. थोड्या वेळानं समोरच्या घरातला सुतार येऊन तिच्याशेजारी बसला. मग त्याची बायको. मग काठी टेकत पाटील आला.

बाईचा नवरा तरातरा आला, तो वाटेच्या वळणावरच थबकला. अंगणात इतकी माणसं बसली होती, आणि एकाचीही मान खाली नव्हती. तो तसाच मागं फिरला.

तात्पर्य: घरातला मार ही कधीच घरातली गोष्ट नसते; गाव गप्प बसतं, तोवरच मारणाऱ्याचा हात चालतो.