भूलवाल्या बाईचा हुकूम

एका मोठ्या इस्पितळात भूल देणारी एक डॉक्टरीण होती बघा, कुमुदिनी तारळेकर. लहान लेकरांना न रडवता भूल कशी द्यावी, यावरचं तिचं संशोधन परदेशातले डॉक्टरसुद्धा वाचायचे. पण विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली, की तिथं जाऊन बसायचा तिनंच शिकवलेला एखादा बाप्या.

यंदा ती पुन्हा मुलाखतीला गेली. समोर इस्पितळाचे अध्यक्ष अण्णासाहेब, आणि शेजारी मिशीला पीळ देत बसलेले मोठे सर्जन जगदाळे.

"बाई, तुम्ही हुशार, त्यात वाद नाही," जगदाळे म्हणाले. "पण पुरुष डॉक्टर बाईचा हुकूम मानतील का? मी तर बुवा नाही मानणार!"

कुमुदिनी हसली. "सर, आज सकाळी रोगी टेबलावर होता. सुरी हातात घेऊन तुम्ही मला काय विचारलंत?"

"'सुरू करू का?' असं. रोजच विचारतो. भूल चढल्याशिवाय कापायचं कसं?"

"मग मी काय म्हणाले?"

"थांबा म्हणालात."

"आणि तुम्ही?"

जगदाळ्यांचा हात मिशीवरून खाली आला. "मी... थांबलो."

"हे कधीपासून चाललंय?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"मी इथं आले त्या दिवसापासून," कुमुदिनी म्हणाली. "एकदाही माझा शब्द मोडला नाही हो त्यांनी. फार गुणाचे आहेत."

अण्णासाहेबांना हसू आवरेना. "अहो जगदाळे, तुम्ही तर कधीचेच यांच्या हुकमात आहात! फक्त खुर्ची द्यायची राहिली होती, ती आज देऊन टाकू."

आणि दिली की!