मठाचा थंड बंब

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंवर मनातून चिडला होता, आणि त्याचे चिडणे अगदीच अकारण नव्हते.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या गावाची एक रीत होती. दिवस उजाडताच प्रत्येक दारात अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पेटला पाहिजे आणि त्याचा धूर शेजाऱ्यांना दिसला पाहिजे. ज्या दारी धूर नाही त्या घरातले कोणीतरी वारले, असे लोक समजत. त्यामुळे वैशाखात अंगाची लाही होत असतानाही ही मंडळी पाणी कढत करीत, मग त्यात तितकेच गार पाणी ओतीत आणि घाम पुसत अंघोळ उरकीत. अब्रूपुढे उन्हाची काय मातब्बरी?

या अब्रूपायी डोंगर बोडका झाला होता. वारा तापून येई, पाऊस मनाला येईल तेव्हा येई आणि गावचा एकुलता एक झरा करंगळीएवढा उरला होता. झऱ्याभोवतीची राई तेवढी शाबूत होती. आता तीही तोडायचे लाकडाच्या व्यापाऱ्याने गावाकडून कबूल करून घेतले होते. शिष्य याच गावचा. राई गेली की झरा जाणार आणि झरा गेला की आपल्या म्हाताऱ्या आईला घर सोडावे लागणार, हे त्याला स्वच्छ दिसत होते. म्हणून तो रोज पारावर कळकळीने बोले. पृथ्वी कशी तापते आहे, धुराने आकाश कसे कोंडते आहे, हे समजावून सांगे. लोक माना डोलावीत आणि दुसऱ्या दिवशी बंब पेटवीत. शिष्यही मठात परतून बंबाजवळ उद्याचे लाकूड रचून ठेवी, कारण अब्रू मठालाही होतीच.

शेवटी त्याने गुरूंना विनवले की आपल्या शब्दाला वजन आहे, एकदा गावाला खडसावून सांगा. गुरूंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "उद्या बंब पेटवू नकोस."

शिष्याच्या कपाळाला आठी पडली. जग होरपळते आहे आणि गुरुजी एका बंबाचे घेऊन बसले आहेत! पण आज्ञा मोडवेना.

दुसऱ्या दिवशी मठावर धूर दिसला नाही आणि गावात हलकल्लोळ झाला. शेजारच्या म्हाळसाकाकू सुतकाच्या घरी नेतात तशी पिठलं-भाकरी घेऊन डोळे पुसत आल्या. लाकडाचा व्यापारी तर सरणासाठी गाडी भरूनच आला, आणि आपण सर्वांत आधी पोहोचलो नाही याचे त्याला वाईट वाटले. कोणीतरी हुंदका देणार, तोच गुरू ओल्या पंच्याने डोके पुसत बाहेर आले. त्यांनी सर्वांना बसवून घेतले, पिठलं-भाकरी आवडीने खाल्ली आणि व्यापाऱ्याला सांगितले, "गाडी परत ने. लागेल तेव्हा कळवूच."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण त्याच्या दुसऱ्या दिवशीही मठाचा बंब थंडच राहिला. म्हाळसाकाकूंनी कुंपणाशी येऊन हळूच विचारले, "म्हणजे बंब पेटवला नाही तरी चालतं?"

"मी चालतोय की," गुरू म्हणाले.

लाकडाच्या मोळ्या वाहून काकूंची कंबर कधीचीच धरली होती. पुढल्या सकाळी त्यांच्या दारी धूर नव्हता. गाव तिकडे धावला, तर काकू अंगणात तुळशीला पाणी घालीत होत्या. मग आणखी एक घर, मग पलीकडची आळी. सांत्वनाला धावून धावून लोकांचे पाय दुखले आणि घरोघरचे पिठले फुकट जाऊ लागले. अखेर धूर नसला की कोणी दचकेनासे झाले. गिऱ्हाईकच उरले नाही तेव्हा व्यापाऱ्याने राईचा नाद सोडला आणि कुऱ्हाडी उचलून चालता झाला.

त्या संध्याकाळी शिष्याने गुरूंच्या पायांवर डोके ठेवले. म्हणाला, "गुरुजी, मी इतके दिवस हेच तर सांगत होतो. मग माझं कोणी का ऐकलं नाही?"

गुरू म्हणाले, "अरे, ऐकलं सगळ्यांनी, आणि पटलंही. पण प्रत्येकाला भय एकच, आपण पहिले ठरलो तर लोक हसतील. ते भय व्याख्यानाने जात नाही. एका बंबाने आकाश निवळत नाही, हे तुझं खरंच होतं. पण एकाने हसं करून घेतलं की दुसऱ्याला शहाणं होणं सोपं जातं. तुझ्या तोंडून लोकांनी पृथ्वीचा ताप ऐकला, आणि तुझ्या दारात धूर पाहिला. माणूस कानापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवतो, बाबा."

शिष्याला लाज वाटली, आणि हलकेही वाटले. दुसऱ्या दिवशी त्याने वळकटी बांधली. डोंगरापलीकडच्या गावातही हीच रीत होती आणि तिथलेही रान संपत आले होते. काही दिवस तिकडे राहून येतो, असे म्हणून त्याने आज्ञा मागितली.

"तिथे व्याख्यान देणार?" गुरूंनी विचारले.

"नाही," शिष्य म्हणाला, "अंघोळ करणार."